गोळी, जेल, क्रीम की काहीच नको? पाळी जातानाच्या हार्मोन्सचा काउंटरवरून आढावा

मेडिकलच्या काउंटरवर २२ वर्षं बसल्यावर काही गिऱ्हाइकं लांबूनच ओळखू येतात. पन्नाशीला टेकलेली बाई, चिठ्ठीची बारीक घडी मुठीत, आणि दुकानातला शेवटचा पुरुष बाहेर पडेपर्यंत ती टूथपेस्टच्या किमती वाचत उभी. मग हळूच, "ताई, डॉक्टरांनी हार्मोन लिहून दिलंय. घेऊ का? त्यानं कॅन्सर होतो म्हणतात."

चिठ्ठी लिहिणं माझं काम नाही. पण पर्याय शेजारी शेजारी मांडून दाखवता येतात, आणि ते मी रोज करते. "हार्मोन घ्यावं का" या प्रश्नाला तसं उत्तरच नाही. कुठलं हार्मोन, कुठल्या वाटेनं, पाळी जाऊन किती वर्षांनी, आणि गर्भाची पिशवी आहे की काढलेली? एवढं सांगा, मग बोलता येतं.

भीती आली कुठून

अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाचा मोठा अभ्यास चालू होता. त्यातली इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन हार्मोन्स एकत्र देण्याची चाचणी जुलै २००२ मध्ये मध्येच थांबवली. १६,६०८ बायका होत्या. गोळ्या घेणाऱ्यांत दर १०,००० बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाच्या ८ केसेस जास्त निघाल्या, पक्षाघाताच्या ८ जास्त, फुप्फुसात गुठळी जाण्याच्या ८ जास्त, हृदयविकाराच्या ७ जास्त. खुब्याचं हाड मोडण्याच्या ५ कमी आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ६ कमी. या शेवटच्या दोन आकड्यांची बातमी कुणाच्या लक्षात राहिली नाही. जगभर बायकांनी रातोरात गोळ्या टाकून दिल्या.

पण त्या बायकांचं सरासरी वय होतं ६३. आपल्याकडे पाळी जाते साधारण ४६-४७ला, म्हणजे अंगातून एकदम उठणाऱ्या गरम वाफांनी बेजार होऊन दवाखान्यात येणारी बाई त्यांच्यापेक्षा पंधराएक वर्षांनी लहान. शिवाय औषधही ठरावीक होतं, गाभण घोडीच्या मुतापासून काढलेलं इस्ट्रोजेन आणि जोडीला मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन नावाचं कृत्रिम प्रोजेस्टिन. (हे मूळ कळल्यावर शाकाहारी काकू पट्टी परत सरकवतात. हल्लीचं इस्ट्रोजेन, म्हणजे इस्ट्राडायोल, बहुतेक वनस्पतीपासून बनवतात.) याच बायकांचा एकूण १८ वर्षं पाठपुरावा झाला. घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या, दोन्ही गटांत एकूण मृत्यूंचं प्रमाण सारखंच निघालं.

आता वारं उलटं फिरलंय. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेनं, या औषधांच्या माहितीपत्रकावरचे हृदयविकार, स्तनाचा कर्करोग आणि स्मृतिभ्रंशाबद्दलचे चौकटीतले इशारे काढायचं जाहीर केलं. लगेच मोबाइलवर रील फिरायला लागल्या, हार्मोन घ्या, तरुण राहा. मला दोन्ही टोकं सारखीच वैताग आणतात. एक इशारा मात्र त्यांनीही ठेवलाय, आणि माझ्या दुकानात नेमका तोच धाब्यावर बसवला जातो. त्यावर येतेच.

घेतलं तर आणि नाही घेतलं तर

जानेवारीत पहाटे तीनला पंखा पाचवर, गाऊन भिजलेला, नवरा गोधडी ओढून कुडकुडतोय आणि सकाळी सहाला डबे करायचेत. अशा वाफांवर इस्ट्रोजेनइतकं लागू पडणारं दुसरं औषध नाही, हे आज कुणी नाकारत नाही. "चार-सहा महिने सोस, जातील" हा सासूबाईंचा सल्ला आकड्यांवर टिकत नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत वारंवार येणाऱ्या वाफांचा मधला कालावधी ७ वर्षांहून जास्त होता. घेतल्यानं झोप सुधारते, हाडांची झीज थांबते. हाडांचा फायदा मात्र औषध चालू असेपर्यंतच.

आठवड्यातून एखादी वाफ येते आणि काम अडत नाही, तर काही घेऊ नका. हृदय चांगलं राहील, विसरभोळेपणा टळेल, त्वचा तुकतुकीत होईल म्हणूनही घेऊ नका. औषध त्यासाठी नाही.

वयाचा हिशेब असा. ६० च्या आत आणि पाळी जाऊन १० वर्षांच्या आत सुरू केलं, तर निरोगी बाईला बहुतेक वेळा फायद्याचं पारडं जड. साठी उलटल्यावर पहिल्यांदाच सुरू करायचं, तर पक्षाघात आणि हृदयविकाराचा धोका वाढत जातो.

आणि स्तनाचा कर्करोग? २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एकत्रित विश्लेषणात पाश्चात्त्य देशांतल्या बायकांचा हिशेब आहे. काहीच न घेणाऱ्या १०० बायकांपैकी ५० ते ६९ या वीस वर्षांत साधारण ६ जणींना हा कर्करोग होतो. पन्नाशीपासून ५ वर्षं दोन्ही हार्मोन रोज घेतले, तर ८ जणींना. एकटं इस्ट्रोजेन घेतलं तर जेमतेम ७. आपल्याकडे मूळ प्रमाणच कमी आहे. म्हणजे धोका आहे, आणि तो वर्षांगणिक वाढतो. त्यामुळे औषध चालू ठेवायचं की नाही हे दरवर्षी नव्यानं ठरवायचं. पण "घेतलं की होतोच" असं नाही. वाढलेलं वजनही हा धोका वाढवतं. वजनकाट्याला कुणी घाबरत नाही, एवढंच.

गोळी की जेल

खरी निवड इथं आहे, आणि ती सहसा बाईला कुणी विचारतच नाही.

गोळी गिळली की आतड्यातून आधी यकृतात जाते. यकृत तिला पाहून रक्त गोठवणारे घटक जास्त बनवायला लागतं. जेल कातडीतून थेट रक्तात उतरतं, यकृताचा हा वळसा पडत नाही. फरक कागदावरचा नाही. ब्रिटनमधल्या २०१९ च्या मोठ्या अभ्यासात गोळी घेणाऱ्यांत शिरेत गुठळी होण्याचा धोका दीडपटीहून जास्त निघाला. जेल किंवा कातडीवर चिकटवायचा पॅच वापरणाऱ्यांत वाढलाच नाही.

म्हणून वजन जास्त, बीपी, शुगर, ट्रायग्लिसराइड वाढलेली, अर्धशिशीचा त्रास, पायाच्या शिरा फुगलेल्या, किंवा मुलाकडं अमेरिकेला जायचंय आणि वीस तास विमानात पाय लोंबकळत बसायचंय, अशा बाईच्या चिठ्ठीवर नुसती गोळी दिसली तर मी म्हणते, डॉक्टरांना जेलबद्दल एकदा विचारा. ४८ वर्षांची सडपातळ, बाकी काही दुखणं नसलेली बाई असेल तर गोळीही चालते. गोळी स्वस्त पडते, रोज एक घेतली की विसरलं. जेल महाग आहे आणि थोडी शिस्त मागतं. पॅच आमच्या गावाकडं मागवावे लागतात, आणि घामाच्या दिवसांत चिकटून राहत नाहीत म्हणून गिऱ्हाइकं परत जेलवरच येतात.

जेल कसं लावायचं हे मी काउंटरवर हातावर दाखवते. आंघोळीनंतर अंग कोरडं करून दंडाच्या बाहेरच्या बाजूला किंवा मांडीवर पातळ पसरायचं, चोळायचं नाही. स्तनांवर कधीच नाही. वाळलं की कपडे घालायचे, हात साबणानं धुवायचे. नातवंड कडेवर घेणार असाल तर ती जागा झाकलेली हवी, कारण जेल कातडीवरून कातडीवर जातं. एक काकू ते बामसारखं पाठीला रगडत होत्या आणि "फरक पडत नाही" म्हणत होत्या.

जोडीचं औषध

पिशवी असेल तर इस्ट्रोजेन एकटं घ्यायचंच नाही. ते पिशवीच्या आतल्या अस्तराला वाढवत राहतं आणि पुढं तिथं कर्करोग होऊ शकतो. एफडीएनं ठेवलेला इशारा तो हाच. अस्तर आवरायला जोडीला प्रोजेस्टेरॉन लागतं.

यातही दोन जाती. जुनी कृत्रिम प्रोजेस्टिन, म्हणजे २००२ च्या बातमीतल्या गोळीची भावंडं, आणि मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल, जी शरीरातल्या हार्मोनसारखीच असते. फ्रान्समधल्या मोठ्या पाहणीत कृत्रिम प्रकारांसोबत स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं दिसलं, कॅप्सूलसोबत तसं दिसलं नाही. कुणाला काय द्यायचं हे ठरवून केलेली चाचणी नव्हे, नुसती पाहणी होती, म्हणून शपथेवर सांगत नाही. पण माझ्या बहिणीची चिठ्ठी असती तर मी कॅप्सूलच मागितली असती. ती रात्रीच घ्यायची, कारण गुंगी येते. झोप उडालेल्या बाईला ही गुंगी चालूनच जाते.

पिशवी काढलेली असेल तर

मग जोडीच्या औषधाची गरज सहसा नाही, आणि हिशेब सोपा होतो. त्याच अमेरिकन अभ्यासात पिशवी काढलेल्या बायकांना एकटं इस्ट्रोजेन दिलं होतं. पक्षाघात थोडे वाढले, स्तनाचा कर्करोग वाढला नाही.

महाराष्ट्रात हा मुद्दा पुस्तकी नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीनं पाहणी केली. ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती, कित्येकींची चाळिशीच्या आत. सोबत बीजांडकोशही काढले असतील तर पाळी त्याच दिवशी जाते, आणि ऐन तिशीत हाडं झिजायला लागतात. इथं पारडं पूर्ण उलटं आहे. ४५ च्या आत, आणि त्यातही चाळिशीच्या आत पाळी गेलेल्या बाईला मनाई करण्यासारखं कारण नसेल, तर निदान नेहमी पाळी जाते त्या वयापर्यंत हार्मोन द्यावं असंच तज्ज्ञ सांगतात. न घेण्याचाच धोका मोठा. आणि नेमकं याच बायकांना कुणी काही सांगत नाही. कॅल्शियमची पट्टी देऊन बोळवण होते.

फक्त खालची कोरड असेल तर

वाफा नाहीत, पण कोरडेपणा, संबंधाच्या वेळी दुखणं, सारखी लघवीची जळजळ. यासाठी सगळ्या शरीराला औषध कशाला? योनीमार्गात लावायचं कमी ताकदीचं इस्ट्रोजेन क्रीम पुरतं. रक्तात फार थोडं जातं, जोडीचं औषध सहसा लागत नाही. सगळ्यात सुरक्षित आणि सगळ्यात कमी खपणारं. लाजेपायी, दुसरं काय. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर मात्र कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारूनच.

हार्मोन नकोच किंवा चालतच नाही

स्तनाचा कर्करोग झालेला, शिरेत किंवा फुप्फुसात गुठळी झालेली, हार्टॲटॅक किंवा पक्षाघात येऊन गेलेला, यकृत बिघडलेलं, किंवा कारण न सापडलेलं रक्त अंगावरून जातंय, अशांना गोळी-जेल नाही. त्यांच्यासाठी व्हेन्लाफॅक्सिनसारखी नैराश्यावरची औषधं कमी मात्रेत किंवा रात्री गॅबापेन्टिन. वाफा कमी होतात, पण इस्ट्रोजेनइतक्या नाहीत. स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेन चालू असेल तर नैराश्यावरचंच पॅरॉक्सेटिन नको, ते टॅमॉक्सिफेनचं काम बिघडवतं. वाफांसाठीचं टिबोलोन नावाचं औषध "हार्मोनच नाही" म्हणून खपवलं जातं, ते खरं नाही. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्यांत त्यानं तो परतण्याचं प्रमाण वाढलं होतं. शतावरी, सोया यांचा वाफांवर उपयोग होतो असा भक्कम पुरावा नाही. मी विकते, पण विचारलं तर हेच सांगते.

आणि पूजेसाठी, गणपतीसाठी पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या म्हणजे हे औषध नव्हे. पट्टी घरात पडलीय म्हणून वाफांसाठी घेऊ नका. गर्भनिरोधक गोळीही वेगळी. उलट बाजूनं सांगायचं, तर हार्मोनच्या या औषधानं गर्भ राहायचा थांबत नाही. पाळी अजून मागंपुढं येत असेल तर काळजी घ्यावीच लागते.

सुरू करण्याआधी बीपी, वजन, साखर, कोलेस्टेरॉल, मॅमोग्राफी आणि गरजेप्रमाणे पिशवीची सोनोग्राफी. ४५ नंतर १२ महिने पाळी नाही म्हणजे गेली, त्यासाठी रक्तातल्या एफएसएच या हार्मोनची तपासणी बहुधा वाया खर्च. सुरुवातीचे तीन ते सहा महिने थोडं डागळणं चालतं. त्यानंतरही अंगावरून जात राहिलं, किंवा पाळी बंद होऊन वर्ष झालेल्या बाईला काहीही न घेता एक थेंब जरी दिसला, तर "उष्णता झाली" म्हणत बसू नका, दाखवा. पोटरी एकाच बाजूची सुजली, दम लागला, छातीत दुखलं, तर त्याच दिवशी दवाखाना.

मागच्या वर्षी एक वहिनी नियमानं जेल न्यायच्या. चौथ्या महिन्यात माझ्या ध्यानात आलं की कॅप्सूल त्यांनी एकदाच नेली होती. विचारलं तर म्हणाल्या, "ती झोपेची असेल ना? मला आता झोप लागते की जेलनं." पिशवी होती. त्या महिन्यात जेल न देता त्यांना चिठ्ठीसकट डॉक्टरांकडं परत पाठवलं, सोनोग्राफी झाली, अस्तर जाड निघालं. तपासणीत वाईट काही निघालं नाही, पण रिपोर्ट येईपर्यंतचे आठ दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. तेव्हापासून पिशवी आहे का हे आधी विचारते, आणि असेल तर जेलच्या खोक्याला कॅप्सूलची पट्टी रबर लावूनच काउंटरवर ठेवते. सुटं मागितलं तर देत नाही. दोन गिऱ्हाइकं तुटली त्यात.