पाच इंची टेलिस्कोप, कोथरूडच्या गच्चीवरून

मागच्या महिन्यात घेतला हा डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरचा आरशाचा टेलिस्कोप), आमच्याकडे रस्त्यावरच्या लाईटचा उजेड खूप पण गुरू एकदम क्लिअर दिसतो आणि बाजूला चार ठिपके, म्हणजे त्याचे चंद्र, जवळजवळ एका रेषेत. दीड तासाने परत डोळा लावला तर त्यातला आयो गुरूच्या आणखी जवळ सरकलेला, अंगावर काटाच आला! आयोची फेरी साधारण ४२ तासांची, युरोपाची दुप्पट, गॅनिमीडची चौपट, आणि अशा जुळलेल्या तालामुळे गुरू आणि या चंद्रांच्या गुरुत्वाकर्षणाच्या ओढाताणीत आयो आतून इतका तापतो की तिथे ज्वालामुखी सतत धगधगत असतात. गॅलिलिओने १६१० मध्ये हेच चंद्र बघितले होते. फाइंडर (टेलिस्कोपचा नेम धरायचं छोटं साधन) मात्र सारखा हलतो, स्क्रू आवळत बसावं लागतं. आईला दाखवलं तर ती खाली जेवायलाच येईना.