घरात मांजर आहे? मग नाताळचं झाड प्लास्टिकचं की कुंडीतलं?

डिसेंबर लागला की मिरजेत चांदण्या झुलायला लागतात आणि मांजर पाळणाऱ्यांची पंचाईत होते. झाड कुठलं आणायचं? मी दोन्ही करून बसलोय, म्हणून सांगतो.

प्लास्टिकचं झाड एकदा घेतलं की वर्षानुवर्षं चालतं. पण त्याचे पाय म्हणजे नुसत्या काड्या. आमच्या भुरीनं पहिल्याच रात्री दांड्यावरून शेंडा गाठला आणि झाडासकट खाली आली. शेंड्याला दोरी बांधून ती खिडकीच्या गजाला अडकवली, की हे थांबतं. खरी भीती वेगळीच आहे. माळ्यावरून काढलेल्या खोक्यात डांबराच्या गोळ्या असतात. त्या मांजराला विषारी, कुत्र्यालाही. एखादी सोफ्याखाली गडगडत गेली तर कळायचंही नाही. खोकं गच्चीत उघडा, गोळ्या मोजून काढा आणि झाडाला दिवसभर ऊन दाखवा.

नर्सरीत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून देतात तो अरोकेरिया. मूळचा प्रशांत महासागरातल्या नॉरफोक बेटाचा. फांद्या मजल्यामजल्यानं आणि विरळ, त्यामुळे चढायला पकड मिळत नाही, आणि मातीनं भरलेली कुंडी सहसा कलंडत नाही. भुरीला मात्र ती माती भलतीच आवडली, कशासाठी ते सांगायला नको. मातीवर लिंबाएवढे गोटे रचले तेव्हा कुठे सुटलो. पानं चघळली तर उलटी होऊ शकते, एवढं लक्षात ठेवा. आणि तुमचा कुत्रा कुंडी दिसली की पाय वर करणारा असेल, तर तुमचं नशीब.

माझं मत विचाराल तर मांजरासाठी कुंडी. दात येणारं कुत्र्याचं पिल्लू असेल तर यंदा झाडच नको. छताला चांदणी टांगा आणि गव्हाणीचा देखावा वरच्या फळीवर मांडा.

झाड कुठलंही आणा, चमकीच्या झिरमिळ्या मात्र घरात आणू नका. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात. तोंडात गेलेला धागा सहसा आतच ओढला जातो. एक टोक जिभेखाली अडकलं की आतडी त्या धाग्यावर नाडीसारखी चुण्या घेतात, चिरतातही. मग ऑपरेशन. तोंडातून किंवा मागून धागा लोंबताना दिसला तर ओढू नका, तसंच डॉक्टरांकडे न्या. झिरमिळ्यांऐवजी कागदाच्या घड्या किंवा जाड कापडाची फुलं लावा. काचेचे गोळे नकोत.

दिव्यांच्या स्वस्त माळा थेट २३० व्होल्टवर चालतात, कुरतडली की झटका. ५ व्होल्टची यूएसबीवाली थोडी महाग पडते, पण घ्यावी तीच. बटण-सेलवाले दिवे नकोत. गिळलेला सेल अन्ननलिका भाजून काढतो.

आता फराळ. आपला जिल्हा बेदाण्याचा. नाताळच्या केकमध्ये तो असतोच, काही घरी करंजीच्या सारणातही. कुत्र्याच्या मूत्रपिंडाला मात्र द्राक्ष आणि बेदाणा दोन्ही घातक, आणि किती खाल्ल्यावर बाधेल ते कुत्र्यागणिक बदलतं. संशय टार्टारिक आम्लावर आहे. म्हणून ‘दोन दाण्यांनी काय होतंय’ म्हणणारे काका यायच्या आधी केकचं ताट फ्रिजवर ठेवा. आणि कुत्र्यानं खाल्लंच, तर उलटीची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना फोन लावा.