सायक्लिकटेस्ट: काही महिने वापरल्यानंतर

आमच्या पॅकेजिंग मशीनचा कंट्रोल लूप (मशीन चालवणारं, पुन्हा पुन्हा होणारं काम) दर १ मिलिसेकंदाला धावतो. फॅन नसलेला इंडस्ट्रियल पीसी, त्यावर प्रीएम्प्ट-आरटी लिनक्स, म्हणजे कामं ठरल्या वेळेत व्हावीत यासाठी तयार केलेलं लिनक्स. हा लूप चालवणारा थ्रेड (प्रोग्राममधला कामाचा एक धागा) वेळेवर जागा होतो का, हे तपासायला गेले काही महिने सायक्लिकटेस्ट वापरतोय. थॉमस ग्लाइक्सनर यांनी सुरू केलेलं हे छोटंसं टूल 'आरटी-टेस्ट्स' पॅकेजमध्ये फुकट मिळतं.

बहुतेक जण ते पाच मिनिटं चालवतात, 'मॅक्स'चा, म्हणजे सर्वात मोठ्या उशिराचा, आकडा बघतात आणि रिपोर्टमध्ये टाकून मोकळे होतात. लोड नसताना तो आकडा कुणाचाही छानच येतो. नेटवर्क, डिस्क आणि ग्राफिक्स एकाच वेळी कामाला लावून चालवा, मग बघा.

आणि किती वेळ चालवायचं? १ मिलिसेकंदाच्या हिशोबाने २४ तासांत ८ कोटी ६४ लाख नोंदी होतात. खूप वाटतात. पण एखादा उशीर १०० कोटींत एकदा होणारा असेल, तर तो साधारण साडेअकरा दिवसांनी एकदा येणार. दिवसभराच्या टेस्टमध्ये तो बहुधा दिसणारच नाही, कारखान्यात मात्र येत राहील. म्हणून मी 'मॅक्स'वर थांबत नाही. नोंदींचे सलग गट पाडतो, प्रत्येक गटातला सर्वात मोठा उशीर घेतो आणि त्यावर गुंबेल वितरण (सर्वात मोठ्या आकड्यांसाठीचं सांख्यिकी सूत्र) बसवून शेपटीचा, म्हणजे क्वचित येणाऱ्या मोठ्या उशिरांचा, अंदाज काढतो.

हा अंदाज पहिल्यांदा अजिबात बसेना. हिस्टोग्राम (कोणता उशीर किती वेळा आला याचा तक्ता) उघडला तर सगळी गर्दी ४० मायक्रोसेकंदांच्या आत, मग मोकळी जागा आणि १८०च्या आसपास वेगळाच छोटा उंचवटा. दोन वेगळ्या कारणांचे उशीर एकत्र मिसळले असतील, तर कुठलंही सूत्र त्यावर नीट बसत नाही. त्याच पॅकेजमधलं एचडब्ल्यूलॅटडिटेक्ट चालवलं. ते इंटरप्ट (चालू काम थांबवणारे हार्डवेअरचे इशारे) बंद ठेवून घड्याळ वाचत राहतं, त्यामुळे मध्ये खंड दिसला तर तो कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) खालून आलेला असतो. तसंच निघालं: बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर, अधूनमधून प्रोसेसर स्वतःकडे ओढून घेत होतं. बायोसमधला यूएसबी लेगसी सपोर्ट बंद केला आणि उंचवटा गायब. आधी कारण शोधा, मगच सांख्यिकी लावा, हे माझं ठाम मत.

आता तक्रारी. हिस्टोग्राममध्ये नोंदींचा क्रम उरत नाही, आणि क्रमाशिवाय गटही पाडता येत नाहीत, एका उशिराचा पुढच्या उशिराशी संबंध आहे का तेही तपासता येत नाही. त्यासाठी व्हर्बोज (सगळा तपशील छापणारा) पर्याय लावून प्रत्येक नोंद फाइलमध्ये घ्यावी लागते, आणि ती फाइल अवाढव्य होते. हिस्टोग्रामची मर्यादा कमी ठेवली तर सर्वात मोठे उशीर तळाशी 'ओव्हरफ्लो' म्हणून नुसते मोजले जातात. तो आकडा शून्य आहे ना, हे दर वेळी बघाच.

सर्वात जपण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. सायक्लिकटेस्ट सुरू होताना स्वतःहून प्रोसेसरला वीज वाचवण्यासाठी गाढ झोपेत जाण्यापासून रोखतं. तुमचा प्रोग्राम तसं करत नसेल, तर टेस्टमधला सुंदर आकडा प्रत्यक्षात मिळत नाही. शिवाय ते फक्त जागं व्हायला झालेला उशीर मोजतं, लूपमधलं काम किती वेळ चाललं ते नाही. ते वेगळं मोजावं लागतं.

कर्नल ५.१७ किंवा पुढचा असेल तर सोबत आरटीएलए या लिनक्सच्याच टूलसंचातलं टाइमरलॅट हे टूल ठेवा. उशीर इंटरप्टपाशी झाला की थ्रेडपाशी, हे ते वेगवेगळं दाखवतं. सायक्लिकटेस्टमध्ये मला सर्वात जास्त उणीव जाणवली ती याचीच.