दीड मिलिमीटरची फट: टॉवर कूलर आठ महिने वापरल्यानंतर

मागच्या आठवड्यात रेंडरिंग चालू असताना संगणक एकाएकी मंदावला आणि प्रोसेसरचे तापमान 96 अंशांवर टेकलेले दिसले. नवा होता तेव्हा हाच टॉवर कूलर (प्रोसेसरवर बसवलेला, धातूच्या पातळ पत्र्यांचा म्हणजे फिनचा उभा मनोरा आणि त्याला लावलेला पंखा) त्याच 110 वॅटच्या भाराखाली, खोलीत 28 अंश असताना, प्रोसेसरला 72 अंशांवर रोखून धरत असे. म्हणजे खोलीच्या तापमानावर प्रत्येक वॅटमागे होणारी 0.4 अंशांची वाढ आता 0.6 च्या पुढे गेली होती.

मी आधी थर्मल पेस्टला, म्हणजे प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधल्या उष्णता वाहून नेणाऱ्या लेपाला, दोष दिला. कूलर उतरवला, फिनच्या तोंडावरची करडी साय कापडाने पुसली, जुनी पेस्ट खरवडून नवी लावली आणि हाती लागले ते फक्त दोन अंश. विक्रीपश्चात सेवेला लिहिले तर ‘याहून मोठा कूलर घ्यावा’ असे उत्तर आले. चालू स्थितीतली वस्तू अडगळीत टाकणे माझ्या स्वभावात नाही. म्हणून पंखा पुन्हा काढला, फिनच्या एका बाजूला बॅटरी धरली, आणि पलीकडे उजेडच आला नाही! फटींच्या आत बोटाच्या पेराएवढ्या खोलीपर्यंत धुळीचा नमदा बसला होता.

माझा सारा राग त्या फटीवर आहे. दोन फिनमधले अंतर मोजले तर जेमतेम दीड मिलिमीटर भरते. इतक्या अरुंद फटीतून हवा संथ थरांनी वाहते, आणि धुळीने फट निम्मी झाली की तेवढीच हवा ढकलायला सुमारे आठपट दाब लागतो. सोबत दिलेला पंखा शांत आहे खरा, पण त्याच्यात तेवढा जोर नाही. तांब्याचा तळ चकचकीत घासलेला आहे, तळाची उष्णता फिनपर्यंत नेणाऱ्या नळ्या, म्हणजे हीट पाइप, सहा आहेत; पण त्यांनी वर आणून सोडलेली उष्णता उचलून नेणारी हवाच नसेल, तर त्यांचा उपयोग काय?

इथवर लिहून मी एक तारा देणार होतो. मग मऊ ब्रशने एकेक फट झाडली, ब्लोअर मारला आणि तापमान 73 वर आले. पडताळा म्हणून जुना, तीन मिलिमीटर फटींचा कूलर बसवून पाहिला; तो तीन वर्षांत कधी तुंबला नव्हता, पण 82 च्या खाली काही उतरला नाही. तेव्हा दाट फिनचे क्षेत्रफळ वाया गेलेले नाही, हे मान्य करणे भाग आहे.

तरीही पंखा धरून ठेवणारी तारेची क्लिप ज्याने आखली, त्याने ती एकदा स्वतः काढून पाहावी. प्रत्येक वेळी ती बोटाला चिरा पाडते, आणि या फटी दर दोन महिन्यांनी झाडायच्या तर तिच्याशी झटापट अटळ आहे. तीन तारे देतो. चौथा तिने खाल्ला.