टीम कोचिंग, आठ महिने वापरून: चिठ्ठ्या काही चिकटत नाहीत

परवा रिन्युअलचं कोटेशन आलं, दहा टक्के वाढवून. म्हणून लिहायला बसलोय.

सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत आमची फाउंड्री (ओतकामाचा कारखाना) आणि मशीन शॉप आहे. मी अकाउंट्स बघतो. गेल्या वर्षी दादांनी, म्हणजे आमच्या एमडींनी, पुण्याच्या एका कोच मॅडमना लावलं. एकेकट्याचं कोचिंग नाही. आम्ही सहा जणांनी नेहमीसारखी मीटिंग करायची, त्या बसून बघणार आणि मध्येच थांबवून विचारणार, "आत्ता काय झालं?" सेशनला ४५,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५३,१००. जीएसटीचं क्रेडिट मिळतं. विश्रामबागेतल्या हॉटेलच्या चहा-नाश्त्यावरचं मिळत नाही. आपली मीटिंग रूम असताना हॉल कशाला, असं मी विचारलं. कारखान्यात दर पाच मिनिटांनी कुणी ना कुणी सही घ्यायला येतं, असं उत्तर मिळालं. येतं, ते कबूल.

आता त्या चिठ्ठ्या. पिवळ्या, गुलाबी, एका बाजूला गोंद. मत तोंडाने सांगायचं नाही, आधी लिहून भिंतीवर लावायचं. जुलैचं सेशन, बाहेर पावसाची झड, भिंतीला ओल, वर फुल स्पीडवर पंखा. दहा मिनिटांत दादांचं व्हिजन माझ्या सांबारात. पंखा बंद केला तर घामाच्या धारा. आठ महिन्यांत चिठ्ठ्यांवर ३,८०० रुपये गेले, व्हाउचर माझ्याकडे आहेत. शेवटी मीच जुन्या जॉब कार्डांच्या पाठकोऱ्या बाजू कापून आणल्या आणि स्टीलच्या कपाटावर लोहचुंबकाने लावल्या. फाउंड्रीवाल्यांना हे आधी सुचू नये?

पहिल्या सेशनला मॅडमनी एकच प्रश्न दिला: कंपनीच्या वरच्या टीममध्ये कोण कोण, नावं लिहा. सहा माणसं, सहा वेगळ्या याद्या. दादांच्या यादीत चार नावं, माझ्या यादीत सात. दादांच्या धाकट्या भावांचं नाव तिघांनी लिहिलंच नव्हतं आणि ते समोरच बसले होते. मॅडम म्हणाल्या, हार्वर्डच्या रिचर्ड हॅकमन आणि रूथ वेजमन यांनी अशा १२० च्या वर वरिष्ठ टीम तपासल्या, त्यात आपल्या टीममध्ये कोण आहे यावर एकमत असणाऱ्या १० टक्केही निघाल्या नाहीत. मी मनात म्हटलं, सगळीकडे हीच रड असेल तर आम्ही ५३,१०० कशाला मोजतोय?

तिसऱ्या महिन्यापर्यंत माझं मत पक्कं होतं: पैसे पाण्यात. मॅडम उत्तर देतच नाहीत. डिस्पॅच का लांबला विचारलं तर उलट आम्हालाच विचारतात, "हे इथे कोण बोलत नाहीये?" आणि गप्प बसतात. तासाला पैसे घेऊन गप्प बसणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला.

मग चौथं सेशन. हे लिहायला जरा जड जातंय.

पावसाळ्यात आमचं रिजेक्शन, म्हणजे नापास माल, वाढला होता. कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे साच्यातल्या ओलीची वाफ अडकून पडलेली भोकं. मीटिंगमध्ये दर वेळी तेच: हवा दमट आहे, वाळूत ओल आहे, कोअर (कास्टिंगची पोकळी बनवणारे वाळूचे आतले साचे) नीट भाजले जात नाहीत. त्या दिवशी मॅडमनी विचारलं, "मीटिंग संपल्यावर चहाच्या टपरीवर यावर काय बोलता?" कुणी तोंड उघडेना. दोन मिनिटं तरी गेली असतील. मग मोल्डिंगचे काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "साहेबांनी बेंटोनाइट, वाळू बांधायची माती, बदलायला लावली. नवी हलकी आहे. वाळू बांधायला पाणी जास्त घालावं लागतंय."

साहेब म्हणजे मी. किलोमागे वाचलेले पैसे मी एक्सेलमध्ये हिरव्या रंगात दाखवले होते. परचेस, क्वालिटी, मोल्डिंग, तिघांनाही कारण माहीत होतं. टपरीवर रोज चर्चा व्हायची, फक्त मी टपरीवर जात नाही (डब्यातला चहा आणतो). दादांनाही माहीत होतं, आणि त्यांनीही मला सांगितलं नव्हतं. त्यांचा मला जास्त राग आला.

जुनं बेंटोनाइट परत आलं. रिजेक्शन उतरलं, पूर्ण नाही. मीटिंगमधलं कोअरचं म्हणणंही थोडं खरं निघालं.

त्यानंतर एक वही केली: कुठला निर्णय कुणाचा, कुणाला विचारायचं, कुणाला नुसतं कळवायचं. मटेरियलचा सप्लायर बदलायचा तर मोल्डिंगची सही लागते. दादा ती वही अजून महिन्यातून एकदा तरी मोडतात, घरी जेवताना भावाशी ठरवून टाकतात आणि सकाळी आम्हाला सांगतात. यावर मॅडमकडे इलाज नाही. निदान सहा सेशनमध्ये तरी दिसला नाही.

पाचपैकी साडेतीन. अर्धा चिठ्ठ्यांचा कापला, एक दादांच्या जेवणाच्या टेबलाचा.

कोटेशनवर मी उलट मेल टाकलाय: तीन महिन्यांतून एकदा, जुन्याच दरात, आमच्या कँटीनमध्ये, कपाट आणि लोहचुंबक आमचे. सही घ्यायला येणाऱ्यांना मी स्वतः दारात अडवेन. अजून उत्तर नाही.