एलटीओ-९ टेप लायब्ररी: लहान फायलींचा डोंगर असेल तर घेण्याआधी वाचा

ठाण्यात वागळे इस्टेटला आमचं स्कॅनिंग युनिट आहे. जुनी दफ्तरं, नकाशे, वर्तमानपत्रं. दर पानाची एक टिफ (मोठी चित्र-फाइल), एक छोटी जेपीजी आणि ओसीआरचा, म्हणजे चित्रातून संगणकाने ओळखलेला, मजकूर. सगळं सेफएफएसवर (अनेक सर्व्हरवर पसरलेली फाइल सिस्टिम), तीन प्रतींत. पण कोणी फोल्डर उडवला तर तो तिन्ही प्रतींतून जातो, म्हणून मी वेगळ्या बॅकअपसाठी, म्हणजे चुंबकीय टेपसाठी, हट्ट धरला.

हाफ-हाइट (कमी उंचीचा) एलटीओ-९ ड्राइव्ह असलेली छोटी लायब्ररी, म्हणजे टेपा स्वतः उचलून ड्राइव्हमध्ये घालणारं मशीन, घेतली. एलटीओ हा बॅकअप टेपांचा प्रकार, ९ ही त्याची पिढी. खोक्यावरच्या ४५ टीबीकडे बघू नका, तो आकडा कॉम्प्रेशन धरून आहे. आमच्या टिफ आधीच कॉम्प्रेस केलेल्या, त्यामुळे १८ टीबीच धरायचे. या ड्राइव्हचा वेग सेकंदाला ३०० एमबी, म्हणजे टेप भरायला साधारण १७ तास.

तेवढ्या वेगाने डेटा पुरवणं हीच खरी कसोटी. सेफएफएसवरून लहान फायली एकेक करून वाचल्या की प्रत्येकीसाठी मेटाडेटा सर्व्हरला (फायलींची नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरला) विचारावं लागतं. ड्राइव्ह उपाशी राहतो, थांबतो, टेप मागे घेतो, पुन्हा धावतो. त्यात वेळ जातो आणि टेप आणि हेड दोन्ही झिजतात. म्हणून बेअरिऑस या बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये स्पूलिंग चालू करा: डेटा आधी वेगवान एनव्हीएमई डिस्कवर साठवा, मग एका दमात टेपवर ओता. एक जॉब टेपवर ओतत असताना त्याचं वाचन थांबतं, म्हणून फोल्डरांची मोठी झाडं फोडून तीन-चार जॉब एकत्र चालवा. बॅकअप चालू फोल्डरचा नको, स्नॅपशॉटचा (त्या क्षणाच्या गोठवलेल्या प्रतीचा) घ्या. आणि काय बदललं हे शोधायला अख्खं झाड पालथं घालू नका. सेफएफएस दर डिरेक्टरीचा आरसीटाइम (तिच्या आत कुठेही झालेल्या शेवटच्या बदलाची वेळ) ठेवतं, त्यावरून न बदललेल्या फांद्या सरळ वगळता येतात.

विक्रेत्याच्या माणसाने एक गोष्ट सांगितलीच नाही: नवी एलटीओ-९ टेप पहिल्यांदा लोड केली की ड्राइव्ह तिचं कॅलिब्रेशन करतो (त्या टेपशी स्वतःला जुळवून घेतो) आणि त्याला दोन तासांपर्यंत लागू शकतात. आमच्या रात्रपाळीच्या मुलाला वाटलं, मशीन अडकलं. नव्या टेपा आधी दिवसभर त्याच खोलीत राहू द्या. पावसाळ्यात ठाण्याची हवा टेपांना मुळीच मानवत नाही, त्यामुळे साठवणीच्या खोलीत डीह्युमिडिफायरचा खर्च धरूनच चाला.

जुन्या एलटीओ-७ टेपा असतील तर जुना ड्राइव्ह विकू नका; एलटीओ-९ ला एलटीओ-८ चालते, ७ वाचताच येत नाही.

एकूण मी पाचपैकी चार देईन. एखादं हरवलेलं पान मागितलं तर लायब्ररी स्वतः टेप उचलते आणि काही मिनिटांत फाइल हातात येते. मात्र बेअरिऑसचा कॅटलॉग, म्हणजे कुठली फाइल कुठल्या टेपवर याची यादी, दुसऱ्या मशीनवरही ठेवा. तो गेला तर बेअरिऑसच्याच बीस्कॅन या साधनाने टेपा पहिल्यापासून वाचत बसायचं, आणि तेव्हा कुठली फाइल कुठल्या टेपवर आहे ते कळतं.