बेसबॉल सॅव्हंटचं ट्रिपल-ए पान: मारलेला चेंडू कळतो, सोडलेला कळत नाही

आमच्या ऑफिसात बारा जणांची फँटसी बेसबॉलची डायनॅस्टी लीग आहे: खऱ्या खेळाडूंचे कागदी संघ. खेळाडू एकदा घेतला की तो वर्षानुवर्षं तुमचाच. त्यामुळे मेजर लीगचं (अमेरिकी बेसबॉलची सगळ्यात वरची पायरी) तोंडही न पाहिलेली पोरं आधीच हेरून ठेवावी लागतात. या हेरगिरीसाठी मी दोन वर्षं एका वार्तापत्राची वर्गणी भरली. दर महिन्याला शंभर नावांची क्रमवारी यायची आणि प्रत्येक नावाखाली 'ताकद आहे, सातत्य हवं' छापाचं एक वाक्य. प्रगतिपुस्तकातला शेरा वाटायचा, तोही मुलाला न बघता मारलेला. ते बंद केलं आणि बेसबॉल सॅव्हंटवर आलो. मेजर लीगचीच साइट, आणि फुकट.

साइटचं मायनर लीगचं (मेजरच्या खालच्या पायऱ्या) सर्च पान पहिल्यांदा उघडलं तर नुसत्या फिल्टरांची भिंत दिसते. घाबरू नका. लेव्हल ट्रिपल-ए (मायनरमधली सगळ्यात वरची), खेळाडूचं नाव, सीझन, एवढंच भरायचं. ट्रिपल-एच्या मैदानांवरचे कॅमेरे प्रत्येक चेंडू टिपतात आणि 2023 पासून ती माहिती सगळ्यांना खुली आहे. बॅटवरून चेंडू किती वेगाने सुटला, किती अंशांत वर गेला, पिचरने काय टाकलं, पोराने बॅट फिरवली का, फिरवली तर लागली का, सगळं मिळतं. ताशी 95 मैल किंवा जास्त वेगाने गेलेला चेंडू 'हार्ड-हिट' धरतात.

वेगाच्या या एका रकान्यासाठी मी पानाचे पाय धरीन. कारण मायनर लीगची सरासरी फार फसवी असते. आल्बुकर्कीचं मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे 5,000 फुटांवर आहे. तिथल्या विरळ हवेत साधा उंच फटकाही कुंपण ओलांडतो. तिथला .310 (दहा प्रयत्नांत तीनेक हिट) आणि आमच्या गावच्या ट्रिपल-ए संघाचा, डरहॅमचा .310 एका तागडीत टाकता येत नाहीत. हवा चेंडूचं अंतर वाढवते, बॅटवरून सुटतानाचा वेग नाही.

पण पानावर किती विसंबायचं हे बघायला मागच्या महिन्यात मी एक उद्योग केला. मायनर लीगमध्ये 2021 पासून पाहुणा संघ मंगळवार ते रविवार एकाच मैदानावर सहा सामने खेळतो. म्हणजे एकच पोरगा सहा दिवस, त्याच पिचरांपुढे. पाहुण्या संघात एकवीस वर्षांचा तिसऱ्या बेसवाला होता. (नाव टाकत नाही. लीगमधल्या दोघांना मराठी वाचता येतं.) एकविसाव्या वर्षी ट्रिपल-ए म्हणजे पोरगं लवकर पोचलं, समोरचे पिचर बरेचसे पंचविशी ओलांडलेले, काही तर मेजर लीगमध्ये जाऊन आलेले. मी होमप्लेटच्या मागे, जाळीआडची जागा धरली. सहापैकी चार रात्री गेलो. उरलेल्या दोन बायकोने मोजूनमापून नाकारल्या.

मंगळवारी बॉक्स स्कोअरमध्ये चारपैकी शून्य. पानावर मात्र त्यातल्या दोन फटक्यांचा वेग शंभराच्या वर. दोन्ही सरळ शॉर्टस्टॉपच्या हातात. बुधवारी त्याने एक असा मारला की माझ्या पुढचे आजोबा ग्लास सांभाळत उभे राहिले, पण डाव्या बाजूची ती 32 फुटी निळी भिंत आडवी आली आणि होमरनचा सिंगल झाला. भिंतीवरचा लाकडी बैल नाकातून धूर सोडायला टपलेलाच असतो, बिचारा तसाच राहिला. इथपर्यंत पान शंभर टक्के खरं. पोराच्या हातात जोर आहे, आणि तो मला नुसत्या डोळ्यांनी इतका नेमका मोजता आला नसता.

अडचण सुरू होते ती न मारलेल्या चेंडूंपासून. झोनबाहेरच्या (झोन म्हणजे स्ट्राइक धरायची चौकट; तिच्याबाहेरचा सोडला तर तो 'बॉल') किती चेंडूंवर त्याने बॅट फिरवली हे पान सांगतं. पण ऑफस्टंपबाहेरचा चेंडू फलंदाज कसा सोडतो यावरून त्याची परीक्षा करणाऱ्या घरात मी वाढलोय. ओळखून सोडलेला चेंडू वेगळा आणि गोठून सुटलेला वेगळा. ओळखून सोडतो तेव्हा पुढचा पाय हलकेच टेकतो, डोकं स्थिर असतं, नजर चेंडूबरोबर कॅचरच्या ग्लोव्हपर्यंत जाते. गोठतो तेव्हा गुडघा मोडतो आणि मग पोरगं उगाच हेल्मेट नीट करत बसतं. पानावर दोन्हींची नोंद एकच.

ट्रिपल-एत यासाठी आणखी एक खिडकी आहे. अंपायरचा निर्णय पटला नाही तर फलंदाज लगेच हेल्मेटवर थाप मारून कॅमेऱ्याकडे दाद मागू शकतो. झोनची वरची कड खेळाडूच्या उंचीच्या 53.5 टक्क्यांवर, खालची 27 टक्क्यांवर, वाद नाही. संघाला अशा संधी मोजक्याच. दाद बरोबर निघाली तर संधी शाबूत, चुकली तर गेली. म्हणून कोण, कधी थाप मारतो हे मी फार बारकाईने बघतो. आमच्या पोराने चार रात्रींत दोनदा मारली. एकदा चुकला, तोही राग आल्यामुळे. दुसऱ्यांदा गुडघ्याखालचा चेंडू होता, आणि थाप मारताना तो स्कोअरबोर्डकडे बघतही नव्हता.

दुसरी उणीव मोठी आहे. डबल-ए आणि हाय-ए या ट्रिपल-एखालच्या पायऱ्यांचा असा डेटा पानावर नाहीच. ट्रिपल-एच्या खाली फक्त फ्लोरिडा स्टेट लीग दिसते. म्हणजे पोरगं चेंजअपवर (फास्टबॉलसारखा दिसणारा, पण हळू येणारा चेंडू) जिथे पहिल्यांदा पडतं आणि उठायला शिकतं, नेमकी तीच वर्षं कोरी. मधली पानं फाटलेली वही.

आणि आकडे हातात आले की घाई होते, हा दोष पानाचा नाही, माझा. जॅक्सन हॉलिडे 2022 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिला निवडला गेला. 2023 मध्ये एकोणिसाव्या वर्षी चार पायऱ्या चढून नॉरफोकला, म्हणजे ट्रिपल-एला पोचला. चारही मिळून सरासरी .323. एप्रिल 2024 मध्ये बाल्टिमोरने वर मेजर लीगमध्ये नेलं, तर 34 पैकी 2 हिट आणि 18 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद). परत खाली. स्ट्राइकआउटच्या प्रमाणावर थोडाफार भरवसा ठेवायलाही साधारण 60 वेळा बॅटिंग झालेली लागते, वॉकसाठी (चार बॉल पडून फुकट मिळणारा बेस) त्याच्या दुप्पट, हे मला पाठ होतं. तरी मे महिन्यात घाबरून मी त्याला माझ्या लीगमधल्या संघातून देऊन टाकलं. 31 जुलैला तो परत आला आणि त्याच दिवशी ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना होमरन) मारला. ज्याला दिला त्याने मला व्हिडिओ पाठवला, खाली हात जोडल्याची खूण.

तर, पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा फुकट असल्याचा.

शनिवारचं राहिलं. आठव्या डावात यजमानांचा एक जुना रिलीव्हर आला, तिशीचा असेल. बुधवारी याच माणसाने पोराला दोन बॉल, शून्य स्ट्राइक असताना, जिथे सगळे फास्टबॉलची वाट बघतात, तिथे चेंजअप टाकून पुरता उलटा केला होता. शनिवारी पुन्हा दोन-शून्य, पुन्हा तोच चेंजअप, खाली आणि बाहेर. पोराचे हात निघाले, आणि थांबले. डोकं जागच्या जागी. पुढचा फास्टबॉल फाउल, मग आणखी एक बॉल, वॉक. घरी येऊन पान उघडलं, तर त्या चेंजअपपुढे एकच शब्द: बॉल.

पुढच्या आठवड्यात तो शार्लटला खेळणार आहे. मला जाणं जमणार नाही, म्हणजे पुन्हा पानच. तिथलं मैदान छोटं, होमरन स्वस्त. तेव्हा फक्त वेगाचा रकाना बघायचा आणि चेंजअपवर किती वेळा बॅट फिरली ते मोजायचं.